एफ वाजत नाही

शनिवारी संध्याकाळी गिटारच्या दुकानात पाऊल टाकलं की पाच माणसं पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत 'चुरा लिया' वाजवत बसलेली दिसतात. 'चुरा लिया' म्हणजे त्याची फक्त सुरुवात. १९७३ साली 'यादों की बारात'साठी पंचमदांनी काचेच्या ग्लासची किणकिण घेतली, तिच्या पाठोपाठ भूपिंदर सिंगांची गिटार घेतली आणि भारतातल्या तमाम गिटार-दुकानदारांच्या कानांचं भवितव्य तिथेच ठरलं. पन्नास वर्षं होऊन गेली, पण दुकानातल्या स्टुलावर बसून मुखड्यापर्यंत पोचलेला माणूस अजून जन्माला यायचाय. तेवढा तुकडा वाजवायचा, मान तिरकी करून शेवटचा सूर विरेपर्यंत थांबायचं, "मिड्स जरा कमी आहेत," असं जाणत्या चेहऱ्याने म्हणायचं आणि भिंतीवरची पुढची गिटार उतरवून मागायची. तिच्यावरही तोच तुकडा. तिच्यात मिड्स जास्त असतात.

हा छळ जागतिक आहे. 'वेन्स वर्ल्ड' या १९९२च्या सिनेमात नायक दुकानातली गिटार हातात घेऊन 'स्टेअरवे टू हेवन' सुरू करतो न करतो तोच विक्रेता त्याला थांबवतो आणि भिंतीवरची मनाईची पाटी दाखवतो. पण पाट्यांच्या बाबतीत अमेरिकेने पुण्याला शिकवावं, असे दिवस अजून आलेले नाहीत. माझ्या मित्राने आपल्या दुकानात पाटी लावली आहे : 'चुरा लिया मुखड्याच्या पुढे वाजवून दाखवल्यास खरेदीवर १० टक्के सूट.' पाटी पिवळी पडली, सूट अजून शाबूत आहे.

हा मित्र माझा शाळेपासूनचा. संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघं चहाला जातो, असा आमच्या दोघांच्याही घरी समज आहे. प्रत्यक्षात दुकान वेळेवर बंद होत नाही. शटर अर्ध्यावर आलं की खालून वाकून एक डोकं आत येतं आणि म्हणतं, "घ्यायचं काही नाहीये, फक्त बघतो." गिटारच्या दुकानात फक्त बघायला पाऊण तास लागतो आणि बघणं बहुधा पावतीवर संपतं. तेवढा वेळ मी कोपऱ्यातल्या ॲम्पवर बसून असतो. एकदा एका गिऱ्हाइकाने मला उठवून माझ्या खालचा ॲम्प विकत घेतला. "बसका आवाज हवा होता," म्हणाला.

दुकान मूळचं मित्राच्या वडिलांचं, आमच्या अण्णांचं. तेव्हा तिथे हार्मोनियम, तबले आणि तंबोरे दुरुस्तीला येत. एक गवईबुवा दर पावसाळ्यात रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा घेऊन यायचे. "अण्णा, जवारी बोलत नाही." मग अण्णा घोडी हळूहळू घासायचे, तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करायचे आणि बुवा डोळे मिटून "अजून... अजून... हां, तिथेच!" म्हणायचे. ह्यात अख्खी दुपार जायची आणि मजुरी मिळायची ती बुवांच्या चहाला पुरेल एवढी. बुवांकडे तंबोरा एकच, तोही त्यांच्या गुरुजींनी दिलेला. "आता नवा घ्या," असं कोणी सुचवलं असतं, तर बुवांनी तोच त्याच्या डोक्यात घातला असता. समाधानी कलावंतासारखं वाईट गिऱ्हाईक नाही, हे माझ्या मित्राने हाफ पँटच्या वयातच ताडलं. अण्णांच्या माघारी त्याने तंबोरे आतल्या खोलीत नेले आणि भिंतीवर गिटारी टांगल्या.

गिटारचा धंदा संगीतावर चालतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मित्राने एकदा माझा गैरसमज दूर केला.

"एफवर चालतो," तो म्हणाला.

एफ ही एक कॉर्ड. गिटार शिकायला घेतली की सी, ए मायनर, ई मायनर ही मंडळी पहिल्या पंधरवड्यात येऊन जातात. बोटांना घट्टे पडतात, ते माणूस चारचौघांत उगाच टेबलावर बोटं वाजवून दाखवू लागतो. आणि मग एफ समोर उभी राहते. तर्जनी आडवी टाकून पहिल्या पट्टीत सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन ठिकाणी जायचं. तारा दबत नाहीत. दबल्याच तर वाजत नाहीत. उशीवर बुक्की मारल्यासारखा ठप्प आवाज येतो आणि मनगटातून कळ निघते ती थेट कोपरापर्यंत. ह्यावर उपाय एकच : रोज थोडा वेळ, दोन-तीन महिने, एफ वाजवत राहायचं. हा उपाय फुकट असल्यामुळे त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

फेंडर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात आणि जे १० टक्के टिकतात ते आयुष्यभरात सरासरी १०,००० डॉलर ह्या सामानावर घालवतात. मित्राच्या मते ह्या दोन गटांत फरक एवढाच : पहिल्या गटाने एफ वाजत नाही हे मान्य केलं, दुसऱ्याने गिटार बदलली.

पहिल्या गटाची खरेदी बहुतेक आईवडील करतात आणि ती झटपट उरकते. "दहावीला नव्वदच्या वर पडले म्हणून घेतोय. अकरावीला परत घ्याल ना?" एका बाईंनी, "सुट्टीत पूर्ण शिकून होईल अशी कुठली आहे?" असं विचारलं. मित्राने क्षणाचाही विलंब न लावता निळी काढून दिली. ती शिकून झाली की नाही ठाऊक नाही, पण जूनमध्ये ती परत आली आणि दिवाळीत दुसऱ्या बाईंकडे गेली. त्या निळ्या गिटारने आतापर्यंत अर्ध्या कोथरूडच्या सुट्ट्या पाहिल्या आहेत.

खरी बरकत दुसऱ्या गटात. आमच्याकडे येणारे हिंजवडीचे एक साहेब ह्या गटाचे मेरुमणी. पहिली गिटार त्यांनी सहा हजारांची घेतली. मधोमध मधाचा पिवळा रंग, कडेकडेने काळपट होत गेलेला, त्याला सनबर्स्ट म्हणतात. महिन्याभरात साहेब परत.

"एफ वाजत नाही."

"तारा जाड पडत असतील," मित्र म्हणाला. "बाराच्या आहेत. दहाच्या टाकू."

दहाच्या टाकल्या. एफ नाही. मग ॲक्शन हाय निघाली, म्हणजे तारा लाकडापासून उंच आहेत. त्या खाली घेतल्या, तर सगळ्याच कॉर्डी खरखरायला लागल्या. मग कॅपो. हा चिमटा गळपट्टीला लावला की पुष्कळ गाण्यांत एफ टाळता येते, हे कळल्यावर साहेबांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे चार घेतले. मग कोणीतरी त्यांच्या कानात 'स्केल लेंग्थ' हा शब्द सोडला. पुष्कळ गिटारींत वाजती तार साडेपंचवीस इंचांच्या आसपास असते, आणि गिब्सनच्या जे-४५मध्ये पावणेपंचवीस. तार आखूड म्हणजे ताण कमी, ताण कमी म्हणजे बोट सुखी.

"म्हणजे माझी एफ पाऊण इंचासाठी अडली होती!" साहेब अक्षरशः टाळी देत म्हणाले. जे-४५ हे १९४२ सालापासून बनत आलेलं मॉडेल, तेही सनबर्स्ट. त्या पाऊण इंचाचे साहेबांनी दोन लाखांच्या वर मोजले. एफ जिथे होती तिथेच राहिली. फक्त तिचा ठप्प आवाज आता जास्त श्रीमंत येऊ लागला.

ह्यानंतर साहेबांनी जितक्या गिटारी घेतल्या तितक्या सगळ्या सनबर्स्टच घेतल्या. मला वाटलं रंगाची आवड. मित्राने समजावलं, "आवड कसली? घरी बैठकीत एक स्टँड आहे. त्याच्यावर कायम एकच सनबर्स्ट दिसते. बाकीच्या पलंगाखाली. आळीपाळीने बाहेर येतात. घरात नवीन काही आलंय, हे कळतच नाही."

"आणि मोजल्या कोणी तर?"

"मोजायला आधी संशय यायला लागतो."

इलेक्ट्रिकच्या तारा आणखी हलक्या दबतात, ह्या कारणाने साहेब यथावकाश इलेक्ट्रिकवर आले आणि तिथे त्यांना पेडलं भेटली. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. गिटारचा आवाज हिच्यातून गेला की फाटतो. ह्या फाटण्याचा इतिहास मोठा आहे. १९६४ साली द किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या ॲम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्या चिरलेल्या आवाजावर 'यू रिअली गॉट मी' गाजलं. तेव्हापासून चांगला आवाज बिघडवण्याचं एक स्वतंत्र तंत्रज्ञान उभं राहिलं. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे कर्णे हेच काम दर भाद्रपदात दहा दिवस विनामूल्य करतात, पण त्यांच्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं नसतं.

पेडलांच्या राज्यातला कोहिनूर म्हणजे क्लॉन सेंटॉर. अमेरिकेतल्या बिल फिनेगन नावाच्या गृहस्थाने १९९४ पासून काही वर्षं ही डबी स्वतःच्या हाताने बनवली, आणि आतली जोडणी कोणी चोरू नये म्हणून सगळ्या भागांवर काळी राळ ओतून ठेवली. आज जुनी क्लॉन काही हजार डॉलरांना जाते. पुढे त्याने हिचीच साधी आवृत्ती काढली, तर तिच्या झाकणावरच छापून टाकलं, की लोकांनी माजवलेल्या ह्या अवाजवी स्तोमाला मी जबाबदार नाही. उत्पादकाने स्वतः डबीवर 'इतकं काही नाही हो' असं लिहून द्यावं आणि त्यामुळे डबी जास्तच खपावी, हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात घडत असेल असं मला वाटत नाही.

साहेबांनी अर्थात क्लॉनची नक्कल घेतली. मग त्या नकलेची जास्त अस्सल नक्कल घेतली. दोन्ही दाबून दाखवल्या आणि मला विचारलं, "फरक कळला?"

"नाही."

"कळेल," ते प्रेमाने म्हणाले. "कान तयार व्हायला वेळ लागतो."

आवाजाचा शोध पुढे लाकडात शिरला. १९६९ साली ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके मिळेनासे झाले, तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने आपली भारतीय शिसवी वापरायला घेतली. तेव्हापासून आपलं लाकूड बोटीने तिकडे जातं, त्याची गिटार होते, आणि ती बोटीने इकडे येते तेव्हा तिच्याकडे बघायचेसुद्धा पैसे पडतील की काय अशी भीती वाटते. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे नियम कडक झाले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात साहेब शिसवी दिसली की हळवे होत. त्याच दिवसांत मी त्यांना एकदा घरी चहाला बोलावलं, हा अविचार झाला. आत शिरताच त्यांची नजर आजोबांच्या पलंगावर गेली. पुढे होऊन त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या फळीवर मधल्या बोटाने टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं.

"काय सस्टेन आहे!" ते कुजबुजले. "ह्यातून सहा-सात फिंगरबोर्ड आरामात निघतील."

पलंगावर आई दुपारची आडवी झाली होती. ती म्हणाली, "काढा हो, पण आधी मला उतरू दे."

नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या वादकाने मध्यंतरी एक प्रयोग केला. गिटारचं अंगच काढून टाकलं, तारा नुसत्या कामाच्या बाकड्यापासून पलीकडे ताणून बांधल्या, पिकअप बसवला आणि वाजवलं. आवाज जवळजवळ जसाच्या तसा इलेक्ट्रिक गिटारचा. लाकडाचा एवढा मोठा वाद एका दुपारीत निकालात निघाला म्हणून मी मोठ्या आनंदाने हे दुकानात सांगितलं. सगळे गंभीर झाले. डबीच्या नकलांचे तज्ज्ञ असलेले साहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, "बाकडं कुठल्या लाकडाचं होतं?"

पण ह्या सगळ्यांवर ताण केली ती एका दातांच्या डॉक्टरांनी. आयुष्यभर लोकांच्या दातांवरचे डाग काढून जमवलेल्या पैशातून त्यांनी एक डागाळलेली गिटार घेतली. हा प्रकार 'रेलिक' म्हणून ओळखला जातो. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५च्या सुमारास तो सुरू केला : गिटार कोरी करकरीत बनवायची आणि मग कारखान्यातच तिचा रंग खरवडायचा, कोपरे झिजवायचे, स्क्रूंना गंज चढवायचा, म्हणजे ती चाळीस वर्षं बारमध्ये वाजवल्यासारखी दिसते. ह्या खरवडण्याचे वेगळे पैसे पडतात आणि जितकं जास्त खरवडलं तितके जास्त पडतात. कोकणातल्या माझ्या मामाकडे नवी वस्तू दोन पावसाळे पडवीत ठेवली तर हे सगळं आपोआप होतं, पण मामाला अजून ह्यातली अर्थव्यवस्था समजलेली नाही.

डॉक्टरांनी गिटार तारा बदलायला दुकानात ठेवली. मित्र दोन दिवस गावाला गेला होता. दुकानात नवा मुलगा लागला होता, अत्यंत कष्टाळू, आधी फर्निचर पॉलिशवाल्याकडे कामाला. त्याने पेटी उघडली आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या वस्तूची ही दशा! पोराने रात्री थांबून आधी पॉलिश पेपर मारला, मग पुटी भरली, मग लाखेच्या पॉलिशचे हातावर हात दिले. गंजके स्क्रू फेकले आणि सकाळी सायकल काढून बोहरी आळीतून स्टीलचे नवे आणले, तेही स्वतःच्या पैशांनी.

डॉक्टर आले. मुलाने फडकं बाजूला केलं. गिटारमध्ये डॉक्टरांना स्वतःचा चेहरा दिसला. तो बघण्यासारखा नव्हता.

"सगळे ओरखडे काढले, डॉक्टरसाहेब," मुलगा लाजत म्हणाला. "त्याचे वेगळे पैसे नका देऊ."

डॉक्टर स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. तेवढ्यात गावाहून परतलेला मित्र आत आला, त्याने एका नजरेत परिस्थिती ओळखली आणि सांत्वनाला सुरुवात केली. "डॉक्टर, शेवटी गिटार दिसण्यात काय आहे? तो विली नेल्सन बघा. १९६९ पासून एकच मार्टिन वाजवतोय. ट्रिगर नाव ठेवलंय तिला. पिक घासून घासून तिच्या पोटाला भोक पडलं, तरी बदलली नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. डोळ्यांत पुन्हा जीव आला.

"तसं भोक हिला पाडून मिळेल?"

"ड्रिल आहे आपल्याकडे," मुलगा म्हणाला.

आता ॲम्पवर बसून हे सगळं बघणारा मी काही विरक्त नाही. माझीही एक गिटार आहे आणि मलाही एफ येत नाही. मी फक्त स्वस्तात बिघडलो आहे : मला पिकांचं व्यसन. पिक म्हणजे तार छेडायची ती त्रिकोणी चकती. अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या पातळ चकतीपासून दीड मिलिमीटरच्या जाडीपर्यंत माझ्याकडे सगळ्या आहेत. वाजवताना सापडत नाहीत, एरवी शर्टाच्या खिशात, पोळीच्या डब्यात आणि एकदा सत्यनारायणाच्या कलशाखाली निघाल्या. क्वीन बँडचा ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकऐवजी जुन्या ब्रिटिश सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो, हे वाचल्यावर मी रविवारी जुन्या बाजारात गेलो. सहा पेन्स नव्हतं. पथारीवाला म्हणाला, "इंग्रजांचंच पाहिजे ना? हे घ्या." ते दोन आण्याचं चौकोनी नाणं होतं. पहिल्याच फटक्याला त्याच्या कोपऱ्याने तार तोडली. तार आणायला दुकानात गेलो, ती घेतली आणि वर नाणं ठेवायला एक पाकीट घेतलं.

ह्या आजाराचं निदान नव्वदच्या दशकातच झालेलं आहे. स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकरने 'गिटार प्लेअर' मासिकात एक खुसखुशीत लेख लिहून 'गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम' असं त्याचं बारसं केलं. निदान अचूक होतं. बेकर २०१७ मध्ये वारला आणि २०१९ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा त्याच्या गिटारी, ॲम्प आणि बाकीचं सामान शेकड्यांनी निघालं. मित्राने ही बातमी मला वाचून दाखवली आणि डोळे पुसले. "असं गिऱ्हाईक," तो म्हणाला, "लाभायला पुण्याई लागते."

मग एका शनिवारी हिंजवडीच्या साहेबांच्या मिसेस दुकानात आल्या. खांद्याला साहेबांची सगळ्यात पहिली, सहा हजारांची सनबर्स्ट.

"या वहिनी," मित्र सावधपणे म्हणाला. गिटारसोबत पत्नी आली की तो बिलबुक आधी ड्रॉवरमध्ये टाकतो.

"पहिली तार तुटलीये, एवढी टाकून द्या."

त्याने तार टाकली. वहिनींनी गिटार मांडीवर घेतली, सुरात लावली, नीट लागली का बघायला सी वाजवली, ए मायनर वाजवली आणि मित्राला सुट्टे आहेत का विचारता विचारता एफ वाजवली.

दुकानातली पाचही माणसं वाजवायची थांबली. सहाच्या सहा तारा, एकेक स्वच्छ.

"वहिनी, ही... एफ?" माझ्या तोंडून गेलं.

"हो, एफच. ही घरी नुसती पडून असते ना. आणि आमच्याकडे मीटिंगा फार. मी म्यूटवर असते तेव्हा वाजवत बसते. झाले दोन-तीन महिने."

ह्या उत्तराकडे कोणीही लक्ष दिलं नाही. सगळे गिटारकडे बघत होते. एकजण म्हणाला, जुन्या लॉटची दिसतेय, तेव्हाचं लाकूड वेगळं होतं. डॉक्टर उठून जवळ आले आणि तिच्या कडेचा एक खराखुरा ओरखडा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. "विकायची आहे का?" हा प्रश्न तीन जणांनी एकदम विचारला. मी आठ हजार म्हणालो. डॉक्टर नऊ म्हणाले. नवी कोरी तीच गिटार, त्याच कंपनीची, आमच्या डोक्यावर भिंतीला सहा हजारांची चिठ्ठी लावून लटकत होती. बारा हजारांना ती मला सुटली, तेव्हा लोकांनी माझं अभिनंदन केलं.

घरी आणून वाजवली. ठप्प. मित्राला फोन केला.

"नव्या तारेला रुळायला वेळ लागतो," तो म्हणाला. "आणि बाकीच्या पाच जुन्या राहिल्यात ना, त्याचा फरक पडतो. उद्या ये, पाचही बदलू."

वहिनी कंपनीत विक्री विभागात आहेत, हे मला नंतर कळलं. पुढच्या शनिवारी त्या दुसरी सनबर्स्ट घेऊन आल्या. "तारा ठीक आहेत ना बघाल?" सी, ए मायनर, एफ. ती डॉक्टरांनी नेली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी. वीकेंडला गर्दी वाढली. वहिनींची एफ आता इतकी सुरेख झाली होती, की चार-पाच हजार त्या एका कॉर्डवर सहज जास्त येत. मित्राचं दहा टक्के कमिशन ठरलं. पलंगाखालचा साठा हळूहळू कमी होत होता. साहेबांना पत्ता नव्हता. स्टँडवर एक सनबर्स्ट दिसत होती, आणि घरात कोणी गिटारी मोजू नयेत अशी व्यवस्था त्यांनीच लावून ठेवली होती.

एका शनिवारी वहिनींना थांबायला जमेना. गिटार नुसतीच, बॅगेशिवाय, गाडीत घालून त्यांनी सकाळी आणून दिली. मित्राने ती भिंतीवर टांगली आणि खाली चिठ्ठी लावली : 'एफ वाजलेली.' संध्याकाळी साहेब आले. इकडे तिकडे बघितलं आणि नजर तिथे खिळली.

"ही कधी आली?"

"आजच. सेकंडहँड आहे."

साहेबांनी ती उतरवून मांडीवर घेतली. गळपट्टीवरून हात फिरवला, मागून पाहिली, अंगावर बोटाने टकटक केलं, कान लावला. मी मित्राकडे बघितलं. मित्र पंख्याकडे बघत होता.

"काय सांगू," साहेब म्हणाले, "काही गिटारी हातात घेतल्या घेतल्या कळतं. वर्षानुवर्षं आपलीच असल्यासारखी बसली बघा. आधीच्या मालकाने काय केलंय हिचं?"

"फार वापरली नाही त्यांनी," मित्र म्हणाला.

"मूर्ख असणार. किती?"

थोडी घासाघीस झाली. साहेबांनी कार्ड पुढे केलं, पावती खिशात टाकली.

"बॅग देऊ?" मित्राने विचारलं.

"नको. ह्याच मापाची एक रिकामी बॅग कालच पलंगाखाली सापडली. योग असतात बघा."